मर्वची हलकी सॅक

डेलोरेन या डोंगरपायथ्याच्या गावात, मुख्य रस्त्यावर, नदीवरच्या पुलाच्या जरा अलीकडे, गळ, गमबूट आणि सॅक विकणारं एक जुनं दुकान आहे. त्या दुकानात ग्लेनिस हॉलेट एकतीस वर्षं उभी आहे. उभीच. बसलेली तिला कोणी पाहिलेली नाही. मालक तीनदा बदलले. प्रत्येक नवा मालक आधी माल बदलायचा, मग भाव बदलायचा, आणि ग्लेनिसला बदलायचं त्याच्या मनात येईपर्यंत चार गिऱ्हाइकं येऊन विचारून जायची, "ती पाठ मोजणारी बाई कुठे गेली?" मग तो मुकाट्याने तिचा पगार वाढवायचा.

सॅक विकण्याची तिची रीत अशी, की आधी सॅक दाखवायचीच नाही. कुठे निघालात, किती दिवस, पाऊस लागला तर काय करणार, अशी पोलीसचौकीतल्यासारखी विचारपूस आधी. मग गिऱ्हाइकाला मान खाली घालायला लावायची, मानेच्या तळाशी वर येणारं हाड बोटाने चाचपायचं, कमरेची दोन हाडं शोधायची आणि शिंप्याच्या फितीने मधलं अंतर घ्यायचं. "उंची नको सांगूस, बाळा. उंची पायात असते, सॅक पाठीवर बसते," हे वाक्य तिने हजारदा तरी म्हटलं असेल. मग सॅकमध्ये वाळूने भरलेल्या कापडी पिशव्या टाकायच्या, एकेक दोन किलोची, आणि माणसाला मागच्या जिन्यावर चार वेळा चढ-उतार करायला लावायचं. तोवर गल्ल्याकडे बघायचंसुद्धा नाही.

एकदा सिडनीची एक मुलगी भली मोठी पासष्ट लिटरची सॅक घेऊन काउंटरवर आली. एका रात्रीसाठी डोंगरावर जायचं होतं तिला.

"एका रात्रीला पासष्ट लिटर?" ग्लेनिस म्हणाली. "संसार थाटणार आहेस का वर?"

"जागा जास्त असलेली बरी ना?"

"जागा असली की अडगळ चालत येते, पोरी. माझ्या घराची मागची खोली बघायला ये एकदा. दिवसभराला बावीस-पंचवीस, एका रात्रीला चाळीस. तेवढ्यात मावत नसेल ते तुला लागतच नाही. आणि ही पुढून चेनने उघडणारी तर मुळीच नको. वरून तोंड, आत नाडी, वर झाकण, झाकणाला बक्कल. आमच्याकडे करावाँग आहेत."

"ते काय असतं?"

"काळा पक्षी. पिवळे डोळे. कावळ्याच्या अंगात वकील. चेन उघडतो आणि जेवण घेऊन जातो. बक्कल अजून त्यांना जमत नाही, देवाची कृपा."

मुलगी हसली. ग्लेनिस हसली नाही, कारण हे खरं होतं. चाळीस लिटरची, नाडी-बक्कलवाली सॅक घेऊन मुलगी गेली.

आता मर्वविषयी. मर्व हॉलेट, ग्लेनिसचा नवरा, लाकूड-गिरणीत करवतीवर आयुष्य घालवलेला माणूस. बोलणं कमी, हात मोठे. गावातल्या डोंगर-क्लबाचे तो आणि ग्लेनिस अगदी सुरुवातीपासूनचे सभासद. पठारावर दोन तळ्यांच्या काठी क्लबाने खोप बांधली, तेव्हा तिच्यातली लोखंडी शेगडी मर्वने एकट्याने पाठीवर वाहून नेली होती. क्लबात नियम एकच, तोही कुठे लिहिलेला नाही: आपली सॅक आपण भरायची, आपलं ओझं आपण न्यायचं, दुसऱ्याच्या सॅकेला हात लावायचा नाही. अपवाद फक्त चेष्टेचा. कोणाच्या सॅकेत गुपचूप धोंडा सरकवायचा, ही त्या लोकांची पिढीजात थट्टा. क्लबाचा म्होरक्या ट्रेव्हर पायबस याने एकदा मर्वच्या सॅकेत पाच किलोचा धोंडा ठेवला. मर्वने तो अख्खा चढ वाहिला, वर गेल्यावर काढला, दाराला अडसर म्हणून लावला आणि शेगडी पेटवायला बसला. एक शब्द बोलला नाही. ट्रेव्हर अजूनही म्हणतो, माझी चेष्टा अशी पाण्यात कोणी घातली नाही.

अशा माणसाला कंपवात झाला. तीन वर्षं झाली. आधी उजवा हात, मग पावलं. दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. लेक टॅनिया डार्विनला, चार हजार किलोमीटरवर. फोनवर ती नवी नवी औषधं वाचून दाखवायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चाला, जितकं चालवेल तितकं चाला, पण पाठीवर चार किलोच्या वर नको. तोल गेला तर कमरेचं हाड जाईल.

आणि तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, तिकडे तो डिसेंबरात लागतो, क्लबाचं पत्र आलं. खोपेला मार्चमध्ये पन्नास वर्षं होणार. सगळ्यांनी वर जायचं, एक रात्र राहायचं.

मर्वने पत्र वाचलं, घडी घातली, ती घडी तीनदा चुकली. "मी जाणार," तो म्हणाला. "माझं ओझं मी नेणार. ते जमणार नसेल तर जाणार नाही. कोणी माझी सॅक उचललेली मला चालणार नाही, ग्लेन. तुझीसुद्धा."

"मी कशाला उचलू? मला माझी जड होते."

मंगळवारी दुपारी तो दुकानात आला, रीतसर गिऱ्हाइकासारखा. घरी सांगून आणता आली असती सॅक. पण नाही, त्याला दुकानातच यायचं होतं. त्याची जुनी मेणकापडाची सॅक तीन चामडी पट्ट्यांची, आणि त्या पट्ट्या आता त्याच्या बोटांना दाद देत नव्हत्या.

"बोला," ग्लेनिस म्हणाली. "कुठे निघालात? किती दिवस?"

"दोन तळ्यांवर. एक रात्र. आणि फार महागातली दाखवू नका, बायकोला कळलं तर ओरडेल."

तिने त्याची मान खाली केली. हाड शोधावं लागलं नाही, ते आता आपणहून वर आलं होतं. फीत लावली. वीस वर्षांपूर्वी याच फितीने याच पाठीचं माप तिने घेतलं होतं. ते तिला पाठ होतं. पाठ चार सेंटीमीटरने आखूड झाली होती. चार सेंटीमीटर म्हणजे काही थोडं नाही, सॅकेचा अख्खा एक नंबर खाली.

"किती?" त्याने विचारलं.

"होती तेवढीच," ती म्हणाली.

हे पहिलं खोटं. लहानसंच होतं.

तिने नाडी-बक्कलवाल्या दोन सॅका पुढे ठेवल्या. मर्वने बक्कल लावायला घेतलं. दोन टोकं एकमेकांजवळ यायची आणि बाजूने निघून जायची. दुकानात दुसरं एकच गिऱ्हाईक होतं, तेही बिचारं गळाच्या टोपल्यांकडे तोंड करून उभं राहिलं आणि बराच वेळ एकच टोपली निरखत राहिलं. ग्लेनिसला वाटलं, पुढे होऊन लावून द्यावं. नाही लावलं. शेवटी तिनेच आत जाऊन ती सॅक आणली, पुढून चेनने उघडणारी, चाळीस लिटरची. चेनीच्या टोकाला तिने दोरीचं मोठं कडं बांधलं. मर्वने कड्यात बोट अडकवलं, ओढलं, सॅक उघडली. परत ओढलं, बंद झाली.

"तीस वर्षं गावाला सांगतेस ही घेऊ नका, आणि नवऱ्याला हीच?"

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ग्लेनिस म्हणाली. "पक्ष्यांचं मी बघते. तू जिना चढ."

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं ग्लेनिसने का केलं, हे ती स्वतःला आजही धड सांगू शकत नाही. दुकानातल्या वाळूच्या पिशव्या तिने घरी आणल्या, म्हणजे मर्वला सरावाला होतील. त्यातल्या दोन खऱ्या ठेवल्या, दोन्ही मिळून चार किलोच्या. बाकीच्यांची शिवण उसवून वाळू काढली आणि गिरणीतला लाकडाचा भुसा भरून परत शिवल्या. पहिल्या आठवड्यात मर्व चार किलो घेऊन नदीकाठी चालला. दुसऱ्या आठवड्यात तिने एक पिशवी वाढवली, म्हणाली, सहा झाले. मग आठ. मग दहा. मर्वच्या पाठीवर खरं वजन चारच किलोचं, वर नुसता भुसा. डॉक्टरीणबाईंचा शब्दही पाळला जात होता आणि मर्वचाही. ग्लेनिसला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"दहा किलो वाटतच नाहीत गं," तो म्हणायचा.

"कमरपट्टा बरोबर बसला की ओझं खांद्यावर राहत नाही, हाडांवर जातं. एकतीस वर्षं काय गवत कापतेय का मी?"

हेही खोटं नव्हतं म्हणा. सॅक नीट बसवली की हलकी लागतेच. तिचं कसबच तिच्या खोट्याला साक्षीदार होऊन उभं राहिलं, आणि एवढा भरवशाचा साक्षीदार असल्यावर मर्व कशाला शंका घेतो?

पण एक गोष्ट तिच्या हिशोबात नव्हती. मर्व खुलायला लागला. सकाळी शीळ घालायला लागला. शेजारच्या बाईला कुंपणावरून म्हणाला, "दहा किलो नेतो मी आता. डॉक्टरांना काय कळतंय?" जेवताना नकाशा उघडून पुढच्या वर्षीच्या वाटा बोटाने गिरवायचा, आणि बोट थरथरत असलं तरी वाट सोडायचं नाही. ग्लेनिस रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज तो नदीवरून परत यायचा, गाल लाल, डोळे चमकते, आणि ती चहा ठेवायला आत जायची. त्याला असं हसताना तिने तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. हे हसू आपल्या हाताने कसं पुसायचं? तिला ते जमलं नाही. एवढंच.

निघायच्या दिवशी सकाळी मर्वने स्वतःची सॅक स्वतः भरली. तासभर लागला. स्लीपिंग बॅग, गरम कपडे, पाण्याची बाटली, चहा उकळायचा डबा, फ्रूटकेकचा मोठा ठोकळा, आणि सगळ्यांसाठी पीचच्या फोडींचे दोन टीन. पीच तो दरवेळी न्यायचा. मग तो दाढी करायला गेला. दाढीला आता वीस मिनिटं लागायची. वीस मिनिटांत ग्लेनिसने टीन, केक, डबा, पाणी, जाड कोट सगळं स्वतःच्या सॅकेत घातलं आणि मर्वच्या सॅकेत पाहुण्यांच्या खोलीतल्या दोन पिसांच्या उशा कोंबल्या. सॅक पहिल्यासारखी टम्म दिसायला लागली. दुसऱ्याच्या सॅकेला हात लावायचा नाही, हा नियम तिने पन्नास वर्षांत पहिल्यांदा मोडला.

पायथ्याला नऊजण जमले. हवा स्वच्छ, डोंगराची काळी कड निळ्या आभाळात स्पष्ट. मर्वने स्वतः सॅक चढवली, कमरपट्टा ग्लेनिसने लावून दिला.

"बघा रे," ट्रेव्हर म्हणाला, "म्हातारा नवरदेवासारखा उभा आहे!"

"तू तुझं पोट सांभाळ, लेका," मर्व म्हणाला. "ते तुला कोणी बांधून दिलेलं नाही."

चढ लागला. बुंध्यांवर हिरवं शेवाळ, मुळांच्या पायऱ्या, मध्येच दगडांचा उतार. मर्व हळू चालत होता, पण चालत होता. पाय अडला की थांबायचा, मनात एक-दोन-तीन म्हणायचा आणि टाकायचा. त्याच्या मागे ग्लेनिस. एकोणसत्तर वर्षांची बाई, पाठीवर सतरा किलो. तिचे गुडघे पहिल्या अर्ध्या तासातच बोलायला लागले.

"ग्लेनिस, पियानो आणलायस का काय?" मागून ट्रेव्हरने विचारलं.

"तुझ्यासाठी तिरडी आणलीय. चाल पुढे."

दोन तासांनी ओढ्याशी पहिला थांबा आला. अर्धा चढ झाला होता. मर्वचा चेहरा घामाने चमकत होता आणि तो हसत होता, लहान मुलासारखा, कोणाकडेही न बघता. ग्लेनिसने त्याची सॅक उतरवली, आडव्या पडलेल्या ओंडक्याला टेकवून ठेवली आणि त्याला हाताला धरून पाण्याकडे नेलं, कारण तिथले दगड निसरडे होते. तिचं सगळं लक्ष त्याच्या पावलांवर. सॅक चेन वर करून ठेवली गेली. कड्याची दोरी पुढे लोंबत राहिली. गावातल्या शेंबड्या पोरालाही तिने जे शिकवलं होतं, ते तिनेच केलं नाही.

करावाँग आला तो कोणाला दिसलाही नाही. कड्यात चोच घालून त्याने चेन ओढली, एवढ्या सोप्या चेनीचं त्यालाही नवल वाटलं असेल. आत खायला काही नव्हतं. म्हणून त्याने जे चोचीला लागलं ते ओढलं, फाडलं, आणि उशीची पिसं वाऱ्यावर उडायला लागली. लोकांनी वळून पाहिलं. ओंडक्यावर फुलाफुलांचा अभ्रा पडलेला, दुसरी उशी अर्धी बाहेर, आणि ओढ्यावर पांढरी पिसं तरंगत चाललेली.

पहिल्यांदा सगळे हसले. खो खो हसले. त्यांना वाटलं, थट्टाच ही, धोंड्याच्या उलट. कोणीतरी म्हणालं, "ट्रेव्हर, पन्नास वर्षं लागली तुला हे सुचायला?"

ट्रेव्हरही हसत होता. मग त्याने ग्लेनिसच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो हसायचा थांबला. माणूस बडबड्या, पण मनाचा मोठा. तो मोठ्याने म्हणाला, "हो बाबा, मीच. मीच ठेवल्या. कसा फसवला म्हाताऱ्याला!"

मर्व सावकाश ओंडक्यापाशी आला. अभ्रा उचलला. निळ्या फुलांचा, त्याच्या घरातला. टॅनिया आली की याच उशीवर झोपायची.

"ग्लेन," तो म्हणाला. "हे ट्रेव्हरचं काम आहे?"

हो म्हणायचं एवढंच उरलं होतं. ट्रेव्हरने पूल बांधून दिला होता, फक्त पाऊल टाकायचं. ग्लेनिसने मर्वच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला कळलं, की आता आणखी एक खोटं बोललं तर हा माणूस आपला राहणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "माझं."

"आणि वाळूच्या पिशव्या?"

"त्याही. भुसा होता. चार किलोच्या वर काही नव्हतं, मर्व. कधीच नव्हतं."

मर्व ओंडक्यावर बसला. हात इतका थरथरायला लागला की त्याने तो दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला. ट्रेव्हर बाकीच्यांना घेऊन हळूच पुढच्या वळणापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

"चल ना वर," ग्लेनिस म्हणाली. "अर्धं झालंय. ते तर तुझ्याच पायांनी झालंय ना? सॅक राहू दे इथेच. सगळे वाट बघतायत."

"मी काय सांगितलं होतं तुला?"

तिने पायाशी पडलेली पिसं वेचायला घेतली.

"तू मला सांगितलं असतंस, ‘मर्व, तुला फक्त चार किलो नेता येतात,’ तर मी चार किलो नेले असते. शिव्या घातल्या असत्या आठ दिवस. पण नेले असते." तो जरा थांबला. जीभही आता लवकर दमायची. "मला ओझ्याची लाज नाही गं वाटत. मला वाटलं, मी बरा होतोय."

ग्लेनिसला रडू फुटलं. मर्वने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण उठलाही नाही. जवळच बसून राहिला.

मग ते दोघं खाली निघाले. ट्रेव्हर सोबत यायला लागला तर मर्वने मान हलवली. पीचचे टीन आणि केक ग्लेनिसने ट्रेव्हरकडे दिले. ती हलकी सॅक मर्वनेच पाठीवर घेतली. उतार चढापेक्षा वाईट. दोन तासांच्या वाटेला साडेतीन तास लागले. वाटेत एका अवघड पायरीशी त्याने स्वतःहून हात पुढे केला, तिने धरला. तेवढंच.

गाडीत बसल्यावर ग्लेनिसने किल्ली फिरवली. दूधडेअरीच्या वळणावर फोनला रेंज यायला लागते. तिथे आल्यावर मर्व म्हणाला, "थांबव जरा."

तिने गाडी कडेला घेतली.

"टॅनिया ईस्टरला येणार होती. पोरांना घेऊन. मला आधी सांगितलं होतं तिने, तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता." तो समोरच्या काचेतून बघत होता. "रविवारी मी तिला फोन केला. म्हटलं, घाई करू नकोस. एवढा खर्च कशाला? पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी मीच पोरांना वर खोपेवर नेतो. तिने तिकिटं रद्द केली."

ग्लेनिसच्या हातातलं चाक तिला दिसेनासं झालं.

"पुढच्या वर्षी मी तिला ओळखेन, बोलेन, सगळं ठीक. पण चालेन का, ते माहीत नाही. तिला म्हणावं, आत्ता ये." त्याने खिशातून फोन काढायचा प्रयत्न केला, तो हातातून निसटून पायाशी पडला. "तू कर. मला नाही सांगता यायचं."

ग्लेनिसने वाकून फोन उचलला, पुसला आणि नंबर लावला. तिकडे दुसऱ्याच घंटेला टॅनियाने उचलला. मागे पोरांचा गलका चालू होता.

"आई!" ती म्हणाली. "बाबा पोचले का गं वर?"